तेहतीस अनारसे आणि एक कुऱ्हाड

राधाकिसननं कुऱ्हाड कॅरिअरला आडवी बांधली, गाठ ओढून पाहिली आणि पातं आपल्याच मांडीला तर लागत नाही ना, म्हणून सीटवर बसून पाहिलं. लागत होतं. त्यानं कुऱ्हाड सोडली, उलटी केली, पुन्हा बांधली. बहिणीच्या नवऱ्याचा हात मोडायला निघालेल्या माणसानं वाटेत स्वतःची मांडी कापून घेणं बरं दिसत नाही.

गोपिकाबाई आतून टोपली घेऊन आली. वर धुतलेलं फडकं.

"तेहतीस हाईत. आधी हे दे, पाया पड, मंग मार."

"माय, मी दाजीचा हात मोडायला चाललो."

"तर मोड की. कोण न्हाई म्हणतंय? पर धोंड्याचा महिना हाय. जावई म्हंजी नारायण. नारायणाला रिकाम्या हातानं मारतेत व्हय?"

तीन वर्षांतून एकदा येणारा अधिक महिना. त्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, ही रीत. हात मोडण्याविषयी रीत काही सांगत नव्हती, म्हणजे मनाई नव्हती. त्यानं टोपली हँडलला अडकवली.

आसरा दारात उभी होती. उजवा हात बांबूच्या कामट्यांत, गळ्यात अडकवलेला. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, कारभारीनं, तो सायकलच्या पंपानं मोडला होता. का मोडला, ते तिनं सांगितलं नव्हतं, आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलंही नव्हतं. सासरी हात मोडायला कारण लागतं, हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"हाताला हात बराबर झाला की उद्या हिला नांदायला घालवू," गोपिकाबाई म्हणाली.

आसरानं डाव्या हातानं आणि दातांनी आपलं गाठोडं बांधायला घेतलं.

सायकल राजूरच्या बद्रीनारायण दुकानदाराची. देताना तो म्हणाला होता, "खून कर नाहीतर लगीन कर, सांजच्याला पुसून आण." राधाकिसन दोनच दिवसांत चालवायला शिकला होता, पण अर्धीच. एकदा बसला की सरळ जायचा. बसायला मात्र टेकण लागायचं. घरी ओटा होता. पुढं सडकेवर मैलाचे दगड होते.

"दादा, टेकण कायला पायजे?" आसरा म्हणाली. "डावा पाय पायडलवर ठिव, दोन उड्या मार अन् टांग टाक."

"तुला काय कळतंय त्यातलं," राधाकिसन म्हणाला आणि ओट्यावरून निघाला.

सकाळची मोटार जाफराबादला गेली होती. आता सांजेपर्यंत सडक सरड्यांची. ऊन डोक्यात दगड घातल्यासारखं पडत होतं. दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेलं काळं रान उघडं पडलेलं. इतका शुकशुकाट, की तिथं कुणाला मारायचं म्हटलं तर माणूस घरूनच बरोबर आणावा लागला असता. साखळीची करकर आणि चाकाखाली मुरूम चुरल्याचा आवाज, बास. एका उतारावर सदऱ्यात वारा भरला आणि राधाकिसनला हसू आलं. मग कशाला निघालोय ते आठवलं. त्यानं तोंड मिटलं, आणि त्या गडबडीत पडला.

पडला की पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत सायकल हातात धरून चालायचं. तो तीनदा पडला. गुडघा फुटला, कोपर सोललं. अनारसे मात्र त्यानं तिन्ही वेळा वर धरले.

चौथ्या दगडावरून निघाला तेव्हा समोर लांब एक ठिपका दिसला. ठिपक्याची सायकल झाली, सायकलीवर फेटा आला, फेट्याखाली कारभारी आला. दोघं एकमेकांकडं चांगला मैलभर बघत होते. कारभारी बाजूला होईना, कारण तो जावई होता. राधाकिसन बाजूला होईना, कारण त्याला वळता येत नव्हतं. त्या अख्ख्या सडकेवर दोनच सायकली होत्या, आणि त्या एकमेकींवर आदळल्या.

बद्रीनारायणच्या सायकलचं पुढचं चाक पापडासारखं वाकलं. कारभारी नाकावर पडला.

"अठरा दिवस झाले महिना लागून," तो रक्त थुंकत म्हणाला. "बलावणं न्हाई, सांगावा न्हाई. जावई हाय का कुत्रं हाय मी?"

"तुमच्याकडंच येऊन राह्यलो व्हतो, दाजी."

"कुऱ्हाड घिऊन?"

"अनारसे बी हाईत."

राधाकिसननं टोपली पुढं केली, वाकून पाया पडला आणि कुऱ्हाड सोडायला लागला. कारभारीनं फडकं उचलून आत पाहिलं.

"दिवा कुठंय?"

राधाकिसन थांबला. दिवा घरीच राहिला होता.

"दिव्याबिगर वाण पावत न्हाई. अन् वाण पावल्याबिगर हात लावशील तर पाप तुझ्या मायला."

हे बरोबर होतं. शेवटी कारभारीनंच खिशातून काडेपेटी काढली आणि वरच्या अनारशात एक काडी खोचून पेटवली. वारा लागू नये म्हणून दोघांनी चारी हातांचा आडोसा केला. काडी जळत खाली गेली, विझली. राधाकिसननं हात जोडले आणि मग कारभारीच्या तोंडावर ठोसा मारला.

दात पडला. कारभारीनं सायकलचा पंप उपसला आणि राधाकिसनच्या घोट्यावर घातला. आत काहीतरी तुटलं. राधाकिसननं त्याचं डोकं मुरमावर आपटलं. कारभारीनं त्याच्या कानाचा चावा घेतला. दोघं धुळीत लोळत, शिव्या देत सडकेच्या कडेला गेले. तिथं राधाकिसनच्या हाताला कॅरिअरवरून सुटलेली कुऱ्हाड लागली. त्यानं पात्यामागचा बोथट तुंबा खाली करून घाव घातला. वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. उजवा हात, कोपराच्या खाली. आसराचा मोडला होता, बरोबर तिथंच.

काम झालं होतं. पण बरं वाटायला पाहिजे होतं, ते वाटेना. त्यानं कुऱ्हाड पुन्हा उचलली. या वेळी पातं खाली.

"बहिनीला इचार आपल्या!" कारभारी किंचाळला. "मी रानात गेलो की माझी सायकल काढती. रोज! गड्यावानी टांग टाकून!"

कुऱ्हाड वरच राहिली.

"टांग टाकून?"

"मंग काय सांगून राह्यलो!"

"टेकणाबिगर?"

"बिलकुल टेकणाबिगर. उताराला हात सोडती. म्या डोळ्यानं पायलं."

"दोन्ही?"

"दोन्ही."

राधाकिसन खाली बसला. घोटा उभं राहू देत नव्हताच. कुऱ्हाड त्यानं बाजूला ठेवली.

"म्हणून मोडला?"

"लोक काय म्हनले असते?"

राधाकिसननं सडकेच्या या टोकाला पाहिलं, मग त्या टोकाला. कुणीही नव्हतं.

होती ती एकटी आसरा. मागून चालत आली. भाऊ निम्मी वाट पायीच आल्यामुळं तिला फार धावावं लागलं नव्हतं. डाव्या हातात पितळी निरांजन, पाठीला गाठोडं.

"माय म्हनली, दिवा इसरला."

तिनं निरांजन अनारशांजवळ ठेवलं. नवऱ्याचा लोंबता हात पाहिला, भावाचा सुजलेला पाय पाहिला, दोन्ही सायकली पाहिल्या.

"दवाखान्यात सांगाया पायजे," कारभारी तिच्याकडं न बघता म्हणाला. "मोटार सांजेला येती."

"दाजीची सायकल धड हाय," राधाकिसन म्हणाला.

आसरानं सायकल उभी केली, मागचं चाक अंगठ्यानं दाबलं. हवा कमी होती. तिनं धुळीतून पंप उचलला, पदराला पुसला. राधाकिसननं सरपटत जाऊन त्याचं तोंड नळीला धरलं आणि तिनं डाव्या हातानं हवा भरली. सावकाश, चाक टणक होईपर्यंत. कारभारी पंपाकडं बघत राहिला.

तिनं कासोटा आवळला. डावा पाय पायडलवर. दोन उड्या. टांग.

मैलाच्या दगडाजवळून ती गेली, तिकडं बघितलंसुद्धा नाही. जाफराबादचा दवाखाना सरळ होता. ती फाट्यावर जालन्याकडं वळली.

"जालन्यालाबी दवाखाना हाय," राधाकिसन म्हणाला. "मोठा हाय."

"लांब हाय."

"व्हय. लांब हाय."

त्यानं दाजीच्या खिशातली काडेपेटी घेऊन निरांजन लावलं. मग एक अनारसा मोडून, धूळ फुंकून दाजीच्या तोंडात घातला, कारण दाजीला खायचा हात नव्हता. दाजी दात नसलेल्या बाजूनं चावत राहिला.

फाट्याच्या पलीकडून सायकलची घंटी ऐकू आली. एकदा, मग पुन्हा, मग कितीतरी वेळ. बाजूला हो म्हणावं, असं त्या सडकेवर कुणीच नव्हतं.