माळकऱ्याचा परवाना

तान्ह्या माऊलीचं आधार कार्ड काढायचं म्हणून वैष्णवीनं सासऱ्यांची कागदांची पेटी उघडली, आणि रेशनकार्डाखाली तिला दारूचा परवाना सापडला.

दुसऱ्या कोणाचा असता तर तिनं तो बाजूला सारला असता. पण फोटो बन्सीधर मामांचाच होता, गळ्यातली तुळशीची माळ स्वच्छ दिसेल असा. खाली छापलं होतं, विदेशी मद्य बाळगणे, नेणे व पिणे. मुदत आजीव.

मामा म्हणजे तिचे सासरे. रेल्वेत बत्तीस वर्षं पॉईंट्समन होते, निवृत्त झाल्यावर पूर्णेतच घर बांधलं. नातवाला गाडी दाखवायला स्टेशनवर गेले तरी आधी प्लॅटफॉर्म तिकीट काढणार, मग ओळखीचे टीसी कितीही हसोत. असा माणूस चोरून पितो?

नवरा गोपाळ नोकरीला नांदेडला, रविवारी यायचा. त्याला फोनवर सांगायची तिला हिंमत झाली नाही. पण गप्प बसणंही जमेना. बाळ झाल्यापासून तिला सगळं टिपून ठेवायची खोडच लागली होती. माऊली किती वाजता प्याला, किती लंगोट ओले केले, कधी झोपला, सगळं वहीत. आता त्याच वहीच्या उजव्या पानावर सासरेही आले. चार वाजता देवळात गेले. पावणेसहाला परत. चाल सरळ. चहा देताना ती मुद्दाम जवळ वाकायची, तर वास यायचा बुक्क्याचा.

परवान्यावर एक ओळ होती, तिनं वैष्णवीला खिळवून ठेवलं. धारकास आरोग्य राखण्यासाठी मद्य आवश्यक आहे. तिनं मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं, आपल्या राज्यात कागदोपत्री दारूबंदीचा जुना कायदा अजून आहे. म्हणून पिणाऱ्यानं परवाना घ्यायचा, आणि परवाना मिळतो तो तब्येतीच्या नावानं. म्हणजे बारमध्ये बसलेला प्रत्येक जण सरकारच्या लेखी आजारीच. तिला हसू आलं होतं तेव्हा.

आठ दिवसांत उजव्या पानावर काहीच निघालं नाही. डाव्या पानाकडं मात्र तिचं लक्ष उशिरा गेलं. सात महिन्यांचा माऊली, चार दिवसांपासून सर्दीनं बेजार. सर्दीत लेकरू किरकिर करतं, हा मात्र दुपारी बारा ते पाच ढिम्म झोपायचा. दुधाची वेळ टळली तरी उठायचा नाही, तळपायाला टिचक्या माराव्या लागायच्या. आईला तिनं फोनवर कौतुकानं सांगितलं होतं, लय गुणी झालाय म्हणून.

गुरुवारी दुपारी सासूबाई पार्वतीबाईंच्या मांडीवरून तिनं माऊलीला उचललं, तोंड पुसलं, आणि हात तिथंच थांबला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यापाशी यायचा, तसला वास. वर थोडा गुळाचा.

ती ओरडली नाही. "आत्याबाई, ह्याला काय पाजलं?"

"बरांडी," पार्वतीबाई म्हणाल्या, बाळघुटी म्हणावं तितक्या सहज.

मग त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवायचं आहे असं त्यांच्या गावीच नव्हतं. सर्दीला दोन थेंब, गुळाच्या पाण्यात. गोपाळ ह्याच्यावरच वाढला, त्याच्या दोघी बहिणीही. गल्लीतल्या बाया लेकरं घेऊन यायच्या, मागच्या घरातली मंजुषा मंगळवारीच येऊन गेली. बाटली जिऱ्या-ओव्याच्या डब्यांमागं, फडक्यात गुंडाळलेली. पण मामांचा हट्ट, बिनकागदाची बाटली घरात येणार नाही. म्हणून त्यांनी रीतसर अर्ज करून परवाना काढला.

"दारू न्हवं ती," पार्वतीबाई म्हणाल्या. "दारू पेणारे पेतेत. हे औषद हाय."

माऊली खांद्यावर जड झाला होता. वैष्णवीनं टिचकी मारली. त्यानं डोळे उघडले आणि मिटले.

तेवढ्यात मामा बाहेरून आले. बोलणं त्यांनी ऐकलं, शांतपणे पेटीतून परवाना काढून तिच्या पुढ्यात धरला. "वाच सूनबाई. सरकारनंच लिवलंय, आरोग्यासाठी."

लिहिलं तर सरकारनंच होतं. तिनं कागद उलटा केला. मागं बारीक अक्षरात अटी होत्या.

"मामा, हे वाचलंत का? परवाना फक्त धारकाच्या स्वतःसाठी आहे. आणि पंचवीस वर्षांच्या आतल्या माणसाला मिळतच नाही. माऊली सात महिन्यांचा आहे."

मामांनी चष्मा लावला. बोट फिरवत दोनदा वाचलं. मग खाटेवर बसले.

"म्हंजी आपून गुन्हा करायलोय," ते बायकोला म्हणाले. "इतकी वर्षं."

"कागदाला काय कळतंय लेकरातलं?"

"कळत न्हाई ना? मंग त्याची म्होरली बाजू तरी कशाला मानायची?"

वैष्णवीनं माऊलीला दुपट्यात गुंडाळलं आणि दवाखान्यात निघते म्हणाली. रिक्षात बसली, तर पलीकडून सासूबाई चढल्या. मागं मामाही.

रस्ताभर ती मनात वाक्यं जुळवत होती. दवाखान्यातला कंपाउंडर ह्यांच्याच गल्लीतला. माळकऱ्याच्या घरात दारू निघाली, ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडं होणार. सर्दीचं घरगुती औषध दिलं, एवढंच म्हटलं तर चालेल का? सासूसासऱ्यांची अब्रू एकीकडं आणि लेकराची मान हातात अशी लुळी.

डॉक्टर हेमाबाईंनी माऊलीच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, काय दिलंय? वैष्णवीनं आधी दारातल्या कंपाउंडरकडं पाहिलं.

"बरांडी," पार्वतीबाई म्हणाल्या. "म्या दिली. हिला ठावं न्हवतं."

किती, आणि किती दिवस? पार्वतीबाईंनी बोटांवर मोजलं. "सोमवारपून. रोज दोन बार. येक बारका चमचा."

घरी दोन थेंब होते, इथं चमचा झाला. वैष्णवीनं सासूकडं पाहिलं. त्या डॉक्टरांकडंच बघत होत्या, नजर न काढता.

टाचेला सुई टोचून थेंब काढला. साखर कमी होती. एवढ्या लहान जिवात दारू साखर खाली ओढते, झोपेतच जास्त घसरते, आत्ता पाजा आणि संध्याकाळपर्यंत इथंच ठेवू, डॉक्टर म्हणाल्या. वैष्णवीनं त्याला छातीशी लावलं. आधी नुसते ओठ हलले. ती त्याचा गाल चोळत राहिली. मग घोट गेला, त्यामागं दुसरा.

"डॉक्टरीनबाई," पार्वतीबाईंचा आवाज एकदम बारीक झाला, "मंजुषाचं लेकरू तर दीड म्हैन्याचं हाय. तिनं मंगळवारी वाटीत घरी पन नेलीया."

डॉक्टर काही बोलायच्या आधीच त्या उठल्या. चपला उलट्यासुलट्या पायात घातल्या आणि मामांना म्हणाल्या, "चला बिगीबिगी." मामा रिक्षा थांबवायला पुढं पळाले.

जाळीच्या दारातून वैष्णवी रिक्षा वळेपर्यंत बघत होती. तेवढ्यात माऊलीनं दूध सोडलं आणि रडायला घेतलं, चांगलं मोठ्यानं. तिनं त्याला लगेच गप्प केलं नाही.