चेहऱ्यावर चमक हवी

समितीतल्या दोघांना आम्ही कारागिरांनी टोपणनावं दिली होती. देवस्थानाच्या वतीने यायचे ते देवमाणूस, आणि निवृत्त लष्करी अधिकारी होते ते झेंडेवाले. देवमाणसाला देवातलं किती कळत होतं कुणास ठाऊक, चांदीतलं मात्र ओ की ठो कळत नव्हतं. झेंडेवाल्यांना कळत नाही हेही कळत नव्हतं. आमच्या टाकसाळीच्या नव्या एक औंसाच्या चांदीच्या नाण्यावर काय आणि कसं दिसावं, हे या दोन विद्वानांनी ठरवायचं होतं.

एका बाजूला मूल कडेवर घेतलेली देवमाता, दुसऱ्या बाजूला देशाचा झेंडा. पहिल्या दोन बैठका वर कोण आणि खाली कोण यावर गेल्या. प्रेसमध्ये एक ठसा वर बसतो, एक खाली, मधे चांदीची चकती ठेवून दाब द्यायचा. झेंडा खाली गेला तर देशाचा अपमान, माता खाली गेली तर धर्माचा. शेवटी टाकसाळीच्या साहेबांनी मला चक्क विचारलं, की प्रेस आडवा बसवता येईल का. म्हटलं, येईल की, पण मग समितीलाही आडवं पडून बैठक घ्यावी लागेल. हे मनात म्हटलं. तोंडाने मी ‘बघते’ म्हणाले. तोंडाने मी बावीस वर्षं ‘बघते’च म्हणत आले आहे.

मातेचा ठसा माझ्या मामांनी कोरला होता. आमच्याकडे ठसा अजूनही थेट पोलादात, हाताने कोरतात. त्याची जाहिरात जोरात होते. त्याला दुसरी प्रत नसते, हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही. नाण्यावर जे उठून दिसायला हवं ते पोलादात उलटं आणि खोल कोरायचं. मामांना आठ महिने लागले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, चेहरा तर त्यांनी भिंगाला नाक टेकवूनच पुरा केला.

ती माता देवळातल्यासारखी नव्हती. रात्रभर मूल रडलंय, आता कुठे डोळा लागलाय, खाली ठेवलं तर पुन्हा उठेल म्हणून तशीच उभी राहिलेली बाई होती ती. डोळ्यांखाली केसाहून बारीक अशा दोन रेघा होत्या. सगळी बाई त्या दोन रेघांत होती. मी फारशी कुणापुढे हात जोडत नाही. त्या पोलादाच्या तुकड्यापुढे मात्र जोडले होते.

मग मामा डोळ्यांच्या ऑपरेशनला गेले. आधी एक डोळा, मग दुसरा, मिळून दोन महिन्यांची रजा. जाताना ठसा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. “मी अजून हिला नीट बघितलंच नाही गं,” म्हणाले. “नवे डोळे घेऊन येतो. तोवर सांभाळ.”

ठशांना पॉलिश करणं हे माझं काम. मोकळी जागा आरशासारखी घासायची आणि आकृती मंद, पांढुरकी ठेवायची, म्हणजे नाण्यावर मागचं खोल काळं दिसतं आणि आकृती उजळून पुढे येते. मी तेवढं केलं आणि साहेबांनी समितीला नमुना दाखवला. नमुना आम्ही शिशात काढतो आणि बघून झाला की त्याच दिवशी वितळवतो, ठशाची छाप बाहेर जाऊ नये म्हणून. देवमाणसाने शिशाची ती चकती नाकाशी धरली आणि मातेच्या चेहऱ्यावर तेज नाही, असा निर्णय दिला. शिशावर तेज शोधणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. झेंडेवाल्यांचं म्हणणं, माता दमलेली वाटते, आणि आपल्या देशाची माता दमलेली असूच शकत नाही.

साहेब निरोप घेऊन माझ्या टेबलापाशी आले. “चेहऱ्यावर चमक हवी. सगळ्यात जास्त चमक तिथेच,” म्हणाले. “आणि मामांना कळवत बसू नका. आजारी माणसाला कशाला त्रास.”

मला दोन गोष्टी तिथल्या तिथे कळल्या होत्या. चेहरा घासला तर त्या दोन रेघा जाणार, ही एक. आणि आरशाला स्वतःचा उजेड नसतो, समोर असेल ते तो दाखवतो, ही दुसरी. आमच्या कामाच्या खोलीत भिंती पांढऱ्या, आमचे कोटही पांढरे, तिथे तो चेहरा झळाळला असता. प्रकाशनाच्या हॉलमध्ये समोर काळ्या सुटांची रांग असणार होती, आणि काळ्या सुटासमोर आरसा काळा दिसतो. हे साहेबांना दोन वाक्यांत सांगता आलं असतं. त्यांना अक्कल नसली तरी भीती भरपूर होती. त्यांनी ऐकलं असतं.

पण मला ते दृश्य बघायचं होतं. भर सभेत देवमाणूस मखमलीचं फडकं बाजूला करतील आणि खाली काळं तोंड निघेल, हे मला बघायचंच होतं. मी ‘बघते’ म्हणाले.

लाकडी काडी आणि हिऱ्याची पेस्ट घेऊन मी तीन दिवस घासत होते. डावी रेघ पहिल्या दुपारीच गेली. उजवी चिवट निघाली. मी स्वतःला सांगत होते की हे करणारी समिती आहे, माझा फक्त हात आहे.

प्रकाशनाला सगळं माझ्या मनासारखं झालं. फडकं निघालं आणि मोठ्या पडद्यावर नाणं दिसलं. कपडे पांढरेशुभ्र, कडेवर पांढरं मूल, आणि मातेच्या मानेवर एक काळं भोक. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. एका पत्रकाराने विचारलं, की चेहरा असा का. साहेब पांढरेफटक पडले. मागच्या भिंतीला टेकून मी उभी होते आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

त्या घटकाभरच फुटल्या. देवमाणसाने नाणं हातात उंच धरलं आणि सांगितलं, की हीच तर या नाण्याची खासियत आहे, भक्ताने मातेत स्वतःला पाहावं म्हणून मुद्दाम आरसा ठेवला आहे. झेंडेवाले लगेच उठले आणि म्हणाले, प्रत्येक नागरिकानेही. टाळ्या थांबेनात. बेशरम माणसाची फजिती होत नाही, एवढी साधी गोष्ट मला बावीस वर्षांत कळली नव्हती. आठवड्याभरात ‘आरसामाता’ असं माहितीपत्रक छापून आलं. नाणं सीलबंद डबीत, हात लावू नये अशी सूचना. लोक डबी नाकासमोर धरून त्यात आपलं थोबाड बघत होते. पाचशे नाणी काढून झाल्यावर ठसा माझ्याकडे परत आला. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

मामा सोमवारी आले. येताना रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या वाचल्या म्हणाले, औषधाच्या दुकानाची बारीक अक्षरंसुद्धा. कोटही न घालता त्यांनी ठसा मागितला. खिडकीशी गेले, फडकं सोडलं आणि उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिले. मग भिंग घेतलं. नव्या डोळ्यांना त्याची गरज नव्हती, तरी घेतलं.

मी बोलायला लागले. शिशावरचं तेज, दमलेली माता, आडवा प्रेस, सगळं सांगितलं, दोघांच्या नकलाही केल्या. माझ्या असल्या बोलण्यावर मामा नेहमी पोट धरून हसतात. त्या दिवशी त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

“काळं येईल हे तू त्यांना सांगितलं असशील ना?” त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला हरकत नव्हती. साहेबांनी मला खोटं पाडलं नसतं, त्यांना काही आठवतही नसतं. पण मामा माझ्याकडे बघत होते, आणि आता त्यांना नीट दिसत होतं.

“मला त्यांची फजिती बघायची होती, मामा.”

त्यांनी ठसा पुन्हा फडक्यात गुंडाळला, जाताना गुंडाळला होता तसाच, चारी टोकं आत घेऊन.

“झाली का?” म्हणाले.

ठसा घ्यायला मी हात पुढे केला होता. मामांनी तो स्वतःच्या खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं. त्या खणाला कुलूप आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.