आडनाव विचारणारा पोपट

मित्रांनो, माझा रंग हिरवा, चोच लाल आणि मान तिरकी. मी एक जुना पोपट आहे. पण मी कधी पेरू खाल्ला नाही की कुठल्या फांदीवर बसलो नाही. माझा जन्म संगणकात झाला. पुण्यात घरोघरची मुले संगणकाचे कोर्स करू लागली होती आणि कोपऱ्याकोपऱ्यावर सायबर कॅफे निघाले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे.

बिबवेवाडीत एका पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्यांचे ऑफिस होते. मालक इंद्रजीत. हिंजवडीकडची त्याच्या घरची शेती कंपन्यांसाठी गेली, तेव्हा तो या धंद्यात उतरला. त्याने पुणेकरांसाठी एक मराठी वेबसाइट काढली. तिच्यावर पाककृती होत्या, नाटकांच्या वेळा होत्या, पेठांच्या गमतीजमती होत्या. पण लोक यायचे, एक पान वाचायचे आणि निघून जायचे. ते इंद्रजीतच्या मनाला लागे.

"आलेल्या माणसाशी कोणीतरी बोललं पाहिजे," तो म्हणायचा. "बोललं की माणूस बसतो."

म्हणून अभयने मला घडवले. त्या ऑफिसातला हा सगळ्यात हुशार आणि सगळ्यात अबोल मुलगा. त्याने मला पापण्या मिटायला शिकवले, माउस जवळ आला की मान वळवायला शिकवले. मी म्हणायचो, "आडनाव सांगा, तुमची खोड सांगतो." इंग्रजी अक्षरांत आडनाव टाकले की मी एक खवचट टोमणा मारायचो. "देशपांडे? पत्ता सांगाल, पण आधी काम काय ते विचाराल."

टोमणे जुळवायला एका दुपारी सगळे टेबलाभोवती बसले. ज्याला जे आडनाव सुचेल ते तो सांगे, दुसरा त्याला शेपूट जोडे आणि हशा होई. अभय टाइप करत होता. त्याचे आडनाव कोणाला सुचले नाही. त्यानेही ते सांगितले नाही. तिथे तो सगळ्यांचा नुसता अभय होता, आणि त्याला ते सोयीचे वाटत होते.

माझ्याजवळ नसलेल्या आडनावासाठी इंद्रजीतने एक उत्तर लिहून दिले: "असलं आडनाव पुण्यात असतं? नीट आठवून पुन्हा सांगा." ही युक्ती फार चालली. लोक चिडायचे, पुन्हा टाकायचे, भावाचे टाकायचे, साहेबांचे टाकायचे. अर्धा अर्धा तास माझ्यासमोरून हलत नसत. परदेशांतून मला शाबासकी येऊ लागली. मला वाटे, माझ्यासारखा मीच.

वेबसाइटला वर्ष झाले, तेव्हा इंद्रजीतने सगळ्यांच्या घरच्यांना चहाला बोलावले. अभयचे आईवडील आले. वडील दशरथ पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आई प्रेमला नव्या साडीत, सगळीकडे कौतुकाने बघत होत्या.

"काका, इथं बसा," इंद्रजीतने खुर्ची पुढे केली. "तुमच्या मुलाचा पोपट बघा. सगळं पुणं वेडं झालंय त्याच्यापायी."

अभय चहाचे कप घेऊन दारात उभा होता. तो म्हणाला, "बाबा, ते नंतर बघा." पण दशरथरावांची बोटे टाइपरायटरवर घासलेली. त्यांनी झरझर लिहिले: सोनकांबळे.

मी मान तिरकी केली आणि म्हणालो, "असलं आडनाव पुण्यात असतं? नीट आठवून पुन्हा सांगा."

त्यांना वाटले, स्पेलिंग चुकले. त्यांनी एक अक्षर वाढवून पुन्हा लिहिले. मी पुन्हा तेच म्हणालो. चष्मा पुसून त्यांनी तिसऱ्यांदा लिहिले. मित्रांनो, मला दुसरे काही बोलता येत नव्हते. ज्या खोडकर डोळ्यांचे सगळे कौतुक करत, ते मिचकावत मी त्या माणसाला तेच ऐकवत राहिलो.

"अहो, राहू द्या," प्रेमलाबाई हळूच म्हणाल्या. "तुमचं काही चुकत नाहीये."

दशरथरावांनी मागे वळून पाहिले. "अभय, आपलं घातलं नाहीस?"

"राहून गेलं, बाबा."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी खुर्ची जागेवर सरकवली, अभयच्या हातातला एक कप घेऊन चहा पूर्ण प्यायला, इंद्रजीतला नमस्कार केला आणि पत्नीला घेऊन ते जिना उतरले. अभय उरलेले कप हातात धरून तसाच उभा होता.

सोमवारी इंद्रजीत त्याला म्हणाला, "आत्ताच्या आत्ता घालून टाकू. झकास ओळ लिही."

"काय लिहू?" अभय म्हणाला. "आमच्या आडनावावर लोक आधीच खूप बोललेत. मला आडनावाचा प्रश्नच काढायचाय."

"अरे, लोक त्याच्यासाठीच तर थांबतात."

"मग नाही थांबणार."

इंद्रजीत उठून खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, "त्या दुपारी मी आमच्या गावातली सगळी आडनावं सांगितली. गावातल्या तुमच्या लोकांच्या वस्तीत माझे शाळेतले मित्र होते. त्यांच्यातलं एकही आडनाव माझ्या तोंडात आलं नाही." त्याने मान खाली घातली. "काढ."

अभयने मला नवे बोल दिले. आता मी विचारू लागलो, "आज काय जेवलात?" खाली एक चौकट होती: नाव, सांगावंसं वाटलं तर. जुने लोक कंटाळले. "पोपट मवाळ झाला," असे लिहून गेले. जाहिराती आटल्या. वर्षभरात वेबसाइट बंद झाली.

पण त्या वर्षात एक पाहुणा न चुकता येई. लिहायचा, "आज प्रेमलाने मेथी केली. अभयने डबा नेला." मी म्हणायचो, "मला नाही ठेवलीत?" तो पुन्हा काहीतरी लिहायचा. आता मी त्याचे कुठलेही नाव आनंदाने घेतले असते. त्याने ती चौकट कधीच भरली नाही. शेवटच्या दिवसापर्यंत मी त्या रिकाम्या जागेकडे मान तिरकी करून बघत होतो.

मित्रांनो, तुम्हीही उद्या माझ्यासारखे काहीतरी बोलके घडवाल. लोकांना कसे थांबवायचे, याचा विचार जरूर करा. पण टेबलाभोवती सगळे हसत असताना जो खाली मान घालून टाइप करतो आहे, त्याला आधी त्याचे पूर्ण नाव विचारा, आणि तो सांगेपर्यंत तुम्ही थांबा.