रोहूंचे पिंड

"मर्तिक लागलंय तुझ्या तळ्याला, वहिनी! आता तरी बुजवू दे!"

बांधावर पाय ठेवायच्या आधीच नरहरनं तोंड सोडलं. एवढंच बोलायला तो गंगेकाठच्या ब्रह्मा घाटावरून या गावात आला होता. शरदिनीनं मान वर केली नाही. पाण्याशी उकिडवी बसून ती मेलेले रोहू मासे टोपलीत टाकत होती. अंगभर लाल जखमा, शेपट्या सडलेल्या. थंडीत थोडाफार रोग यायचाच, पण यंदा त्यानं कहर केला होता.

नवरा वासुदेव गेला तेव्हा हे तळं आणि काठावरच्या दोन खोल्या तिच्या पदरात पडल्या. भिक्षुकाच्या घरात मासे पाळतो म्हणून नरहरनं सख्ख्या भावाशी वैर धरलं होतं. आता त्याला तळं बुजवून जागा वीटभट्टीवाल्याला द्यायची होती. वडीलधाऱ्यांसमोर ठरलं होतं, होळीपर्यंत मासे बरे झाले तर तळं शरदिनीचं, नाहीतर ते सोडून तिनं दिराच्या घरी वाती वळत बसायचं. त्या घरात तिला घास गोड लागला नसता.

शेजारच्या मोहरीच्या शेतात अंबिका नावाचा गडी मधपेट्या ठेवायचा. तो म्हणाला होता, "भौजी, मधुमक्खी दरार में जो गोंद भरती है ना, बैल के घाव पर हम वही लगाते हैं." तळ्यात चुना टाकून झाला होता, गुण नव्हता. मग शरदिनीनं मधमाश्या पेटीच्या फटींत भरतात तो डिंक गरम तेलात विरघळवला, त्यात मध, कोंडा आणि पेंड कालवून गोळे केले. पण गोळा पाण्यात पडला की फुटायचा आणि माशांच्या तोंडी काहीच लागायचं नाही.

नरहरनं तिच्या शेजारच्या गोळ्यांच्या परातीत बोट घातलं. "मध? पितरांचा मध माशांच्या घशात घालतेस? लाज कशी वाटत नाही?"

"तुम्ही मणिकर्णिकेवर पिंड वळून गंगेत सोडता, भावजी. त्यातला मध कोण खातं?"

"जीभ हासडीन! पिंड म्हणे! हा गोळा आहे की शेण? माझ्या हातचा पिंड गंगेच्या धारेतही फुटत नाही!"

"बोलायला काय जातं!"

हे मात्र त्याला झोंबलं. आरडाओरडा ऐकून अंबिका बांधावर येऊन उभा राहिला होता; त्याच्यादेखतच नरहरनं उपरणं कमरेला खोचलं. "भात आण! मऊ, गिचका! मध शेवटी घालायचा, अक्कलशून्य! आणि तळहातानं असं दाबायचं!"

परातीतल्याच औषधात भात कालवून त्यानं वळलेला गोळा पाण्यात अख्खा गेला. खालून एक मोठा रोहू आला आणि त्यानं तो गिळला. "बघितलंस?" नरहर ओरडला. मग आपण काय करून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं. हात घासघासून धूत, शरदिनीला शिव्या घालत तो पाणीही न पिता निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून शरदिनी तसेच गोळे वळू लागली. हळूहळू मरतूक थांबली, जखमा भरत आल्या.

होळीला अंबिकानं जाळं ओढलं. नरहरनं एकेक मासा उलटापालटा करून पाहिला. कुठेच जखम सापडेना, तसा तो उसळला.

"माझ्या गोळ्यांनी जगले हे! तुझ्या हातचे मेलेच असते! म्हणजे तळं माझं!"

शरदिनीला हसू आलं आणि रागही आला.

"खरं आहे, भावजी. अंबिकानं पाहिलंय. चला, आत्ताच ब्रह्मा घाटावर जाऊ. तुमच्या सगळ्या यजमानांसमोर सांगते, की नरहरशास्त्र्यांनी स्वतःच्या हातानं माशांचे पिंड वळले. मग खुशाल घ्या तळं."

नरहरनं हातातला मासा जाळ्यात टाकला. त्यानं वहाणा पायात सरकवल्या आणि बांधावरून चालू लागला.

"छोड़ दो, अंबिका," शरदिनी म्हणाली. अंबिकानं जाळं सैल केलं आणि मासे तिच्या तळ्यात परत गेले.