माझ्या काट्याने सांगितलेला आठवा मैल

मित्रांनो, मी एक जुना प्रवाहमापक आहे. तारेतून विजेचा किती प्रवाह वाहतो, ते माझा काटा ॲम्पिअरमध्ये दाखवतो. बढाई मारायला मलाही आवडले असते, पण आज एक पाप सांगायचे आहे.

१८९२ साली मी ठाण्यातल्या एका लहानशा तारकचेरीत होतो. कल्याणकडे जाणारी तार कुठे तुटून जमिनीला टेकली, की तारमास्तर आनंदराव विद्युतघटांचा दाब, म्हणजे व्होल्ट, माझ्या ॲम्पिअरने भागत. उत्तर येई ते तारेचा रोध, ओहममध्ये. आमच्या तारेचा रोध मैलाला तेरा ओहम. त्यामुळे बिघाड कितव्या मैलावर आहे, ते खुर्चीत बसून कळे. माझे उत्तर कधी चुकले नव्हते. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवले, आणि मीही चढलो.

त्या दसऱ्याला मास्तरांनी काच काढून मला झेंडू आणि हळदकुंकू वाहिले. हळदीचा एक ओलसर कण काट्याच्या बुडाशी अडकला. मला ते कळले होते. पण मला तोंड नाही, एवढीच माझी सबब.

दुसऱ्याच दिवशी तार बंद पडली. दाब सव्वीस व्होल्ट होता. काटा अर्ध्या ॲम्पिअरवर जायला हवा होता, तो पावावरच थांबला. सव्वीस भागिले पाव, एकशे चार ओहम. म्हणजे आठवा मैल. मास्तरांनी तार दुरुस्त करणाऱ्या कोपरीच्या ह्युबर्टला आगगाडीने डोंबिवलीला धाडले. तिथून मागे चालत तो संध्याकाळी रिकाम्या हाती परतला.

"मास्तर, सात ते नऊ मैल, एकेक खांब बघितला मी. काय नाय तिथं."

"यंत्र खोटं बोलत नाही, ह्युबर्ट. झाडाखाली झोपला असशील."

"मग ठाण्यापासून सगली वाट चालून बघू द्या."

"भटकायचं नाही. उद्या पुन्हा आठव्या मैलावर जा!"

तो तीनदा गेला. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांसमोर कामचुकार ठरवून त्याला कामावरून काढले. चोर सोडून संन्याशाला सुळी! आणि चोर टेबलावर चकचकीत बसला होता. मला माझीच लाज वाटली.

चौथ्या दिवशी, विद्युतघटांत वीज तयार होताना संपत जाणारे मोरचूद पुन्हा भरणारा सहदेव म्हणाला, "मास्तर, मोरचूद दुप्पट संपतंय. एवढी वीज जाते तरी कुठं?"

मास्तरांनी दाबाला प्रवाहाने गुणले. शक्ती आली साडेसहा वॅट. तेवढ्याला इतके मोरचूद लागत नाही; ते तेरा वॅटशी जुळत होते. मास्तर चपापले. त्यांनी माझी काच काढली आणि तो पिवळा कण सुईने उचलला. काटा थेट अर्ध्यावर गेला. बावन्न ओहम, चौथा मैल! मुंब्र्याजवळ तिवरांच्या झाडीत तार खाडीच्या चिखलात पडली होती.

मास्तर मला काखेत घेऊन ह्युबर्टच्या दारी गेले.

"या पठ्ठ्यामुळं झालं रे सगळं. यंत्राची चूक म्हणून वर लिहून कळवलंय. उद्यापासून कामावर ये."

"येतो. पोटासाठी यायलाच पायजे," ह्युबर्ट म्हणाला. "पन मास्तर, यंत्राची चूक कागदावर लिवलीत. मला चार मानसांत लबाड ठरवलंत, ती कोनाची चूक?"

 मास्तरांच्या काखेत मी होतो, आणि मला कुठे तोंड लपवू असे झाले.

मित्रांनो, माझी पूजा करू नका, मला पुसा आणि तपासा. माझा आकडा आणि एखाद्या कष्टकऱ्याचा शब्द जुळेनात, तर त्याला लबाड म्हणण्याआधी माझी काच उघडून बघा.