सोमवारच्या आंघोळीचं कुंड

डॉक्टरांनी प्रभाकररावांना रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं, तेही जयपूरच्या मे महिन्यात. विमा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस. पैसा न देता थंडावा कुठे मिळतो ते त्यांनी दोन दिवसांत शोधून काढलं. जुन्या शहरातल्या चौपड नावाच्या चौकाखालच्या मेट्रो स्टेशनात, तिकीट खिडकीसमोरच्या हॉलमध्ये, ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारू लागले.

तिसऱ्या दिवशी पहारेकरी रणजीतने हटकलं. "अंकल, जाना कहाँ है?"

"जाना नहीं है. मैं इस जगह का इतिहास देख रहा हूँ," प्रभाकरराव घाईत बोलून गेले.

रणजीत खूश झाला. मेट्रो बघायला जवळच्या चाकसू गावाहून आलेल्या पाच बायका तिथेच उभ्या होत्या. त्याने त्यांना पुढे आणलं. "इनको भी बता दो."

प्रभाकररावांना ठाऊक होतं ते एवढंच, की स्टेशन खणताना चौपडीखाली जुनं पाण्याचं कुंड सापडलं होतं. तेवढं सांगून झालं.

एका म्हातारीने विचारलं, "राजाजी नहाते थे इसमें?"

माहीत नाही म्हणायची त्यांना नोकरीपासूनच सवय नव्हती. "हाँ. सिर्फ सोमवार को."

पुढच्या सोमवारी हॉलमधल्या एका खांबाला लाल दोरे बांधलेले होते, आणि खाली झेंडूची फुलं. त्याच पाचजणी हात जोडून उभ्या होत्या, सोबत आणखी सातजणी. रणजीत रडकुंडीला आला होता. "अंकल, साहब राउंड पे आने वाले हैं!"

प्रभाकररावांनी घरी फोन लावला. अर्ध्या तासात रत्नप्रभाबाई रिक्षाने हजर झाल्या. सगळं ऐकून त्या नवऱ्याला बाजूला सारून बायकांकडे वळल्या.

"कुंड था, वो सच है. सोमवार इनके मन का है. मुझे भी शादी से पहले बोले थे कि खाना बनाना आता है."

बारा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. म्हातारीने स्वतःच दोरे सोडले, फुलं पिशवीत भरली. मग तिने रत्नप्रभाबाईंचा हात धरला. मेट्रोच्या गाडीत चढायची तिला भीती वाटत होती.

"अहो," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "उभे काय राहिलात? चौदा तिकिटं काढा."

"चौदा? आपण कुठे जायचंय?"

"मानसरोवरला, शेवटच्या स्टेशनापर्यंत. आणि वाटेत तोंड उघडायचं नाही."