हात थरथरतात म्हणे

लोक गंज काढून घ्यायला माणूस शोधतात, आणि ताई गंज चढवून द्यायची. तोही चष्म्याच्या फ्रेमवर. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसूच यायचं. पण फ्रेम हातात घेतली की हसू मावळायचं. मध्येच तांबूस, मध्येच काळपट, कडेला केशरी. बोट फिरवलं तर बारीक वाळूसारखं लागायचं, पण बोटाला कणभर डाग नाही.

दुकान बहीणभावाचं होतं. पुढे काउंटरवर धाकटा, मागच्या खोलीत ताई. वडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. ताईनेच त्याला शिकवलं, मार्गी लावलं आणि दुकान उघडलं तेव्हा कौतुकाने पुढे बसवलं. "त्याची जीभ चालते, माझे हात चालतात," असं ती सगळ्यांना सांगायची.

आणि काम हातांचंच होतं. साध्या पोलादाची फ्रेम पॉलिश पेपरने घासून तेलकटपणा घालवायचा. नाकावर आणि कानामागे टेकणारा भाग चिकटपट्टीने झाकायचा, कारण गंज कातडीला लागता कामा नये. मग व्हिनेगर, मीठ आणि पेरॉक्साइडचं पाणी फवारायचं. धातूवर फेस येतो आणि बघता बघता रंग उगवतो. मनासारखा उगवला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून तो थांबवायचा, फ्रेम वाळवायची, सुटा भुगा ब्रशने झटकायचा आणि वरून लॅकरचे, म्हणजे पारदर्शक रोगणाचे, पातळ हात द्यायचे. ताई म्हणायची, "गंजाला 'ये' कुणीही म्हणेल. 'बस' म्हणता आलं पाहिजे."

अलीकडे मात्र काम आटलं होतं. आधी टेबलावर फ्रेमा मावायच्या नाहीत. आता एखादी यायची, तीही जुन्या गिऱ्हाइकाची. धाकटा म्हणाला, "फॅशन गेली ताई. लोकांचं मन आज इथे, उद्या तिथे." ताईने ते खरं मानलं. सख्ख्या भावाचं बोलणं कोण तपासून घेतं?

एक गोष्ट मात्र तिला सुखवायची. माणसं एकाएकी फार मायेने वागायला लागली होती. जिन्यात शेजारीण तिच्या हातातली पिशवी काढून घ्यायची. किराणा दुकानदार तेलाची बाटली तिच्या हातात न देता स्वतः पिशवीत नीट उभी करून ठेवायचा. भाजीवाली सुटे पैसे तळहातावर ठेवून वरून तिची मूठ मिटवायची. ताईला वाटायचं, केस पांढरे झाले तसा मान वाढला.

एके सकाळी धाकटा काचा आणायला गेला होता, म्हणून ताई पुढे बसली होती. तेवढ्यात नाटकवाल्या बाई आल्या. या बाई नाटकं बसवायच्या आणि ताईच्या हातची फ्रेम वापरायच्या. ताईला काउंटरवर बघून त्या जराशा थबकल्या.

"अरे वा, तुम्ही? बऱ्या आहात ना आता?"

"मला काय झालंय?" ताई हसली.

बाईंनी पर्समधून एक फ्रेम काढली. "खरं तर परत करायला मन होत नव्हतं. पण बघा ना, सोलायला लागली."

ताईने फ्रेम उजेडात धरली. काडीवरचा रंग नखाएवढ्या पापुद्र्याने सुटला होता आणि खाली पांढरा धातू चकाकत होता. गंज असा सुटत नाही. तो धातूच्या अंगातून येतो. हा रंग होता, फवाऱ्याने मारलेला.

"ही माझ्या हातची नाही," ताई म्हणाली.

"माहीत आहे हो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमचे बंधू म्हणाले, हात थरथरतात, आता बाहेरून करून घ्यावं लागतं. म्हणून तर इतके दिवस बोलले नाही. आजारी माणसापाशी कुठे तक्रार करायची?"

पिशवी, बाटली, मिटलेली मूठ, सगळं एका क्षणात ताईच्या डोळ्यांपुढे आलं. मान नव्हता तो, कीव होती.

बाई गेल्यावर तिने काउंटरखालचा खण उघडला. आत रंगवलेल्या फ्रेमांचे गठ्ठे होते, प्रत्येकीवर एकाच जागी एकसारखा डाग.

धाकटा आला. उघडा खण बघून त्याने काचांची पेटी हळूच खाली ठेवली.

"माझे हात थरथरतात म्हणे," ताई म्हणाली.

"ताई, आधी ऐकून तर घे."

"ऐकतेय."

"तुझ्या एका फ्रेमेला दोन दिवस लागतात. कारखान्यातून पेटीभर एकदम येतात. लोकांनी विचारलं, फरक का दिसतो, तर काहीतरी सांगावंच लागलं."

"मग माझे हात मोडून टाकलेस?"

"शब्दच तर होता." तो खाली बघत म्हणाला. "आणि लोकांना हळहळ वाटली की ते घासाघीस करत नाहीत. चालून गेलं."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते ताईला त्या दिवशी कळलं. ती दुकानाच्या वरच्या मजल्यावर, घरी आईकडे गेली. आई खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. ताईने सगळं सांगितलं. आईच्या हातांनी घडी घालणं थांबवलं नाही.

"तुला माहीत होतं?" ताईने विचारलं.

"शेजारणीने मलाच विचारलं होतं," आई म्हणाली. "मी हो म्हटलं. पोराला उघडं कशी पाडू? तू काय, समजूतदार आहेस."

भावाचं बोलणं तिने उभ्याने सोसलं होतं. हे ऐकून मात्र ती पलंगाच्या कडेवर बसली.

दुसऱ्या दिवशी तिने आपलं टेबल मागच्या खोलीतून ओढत पुढे आणलं आणि रस्त्याकडच्या काचेला लावलं. धाकटा अडवायला आला, तिच्याकडे बघून बाजूला झाला. तिने फ्रेम घासली, पट्टी लावली, फवारा मारला. बाहेर माणसं थांबली. शेजारीण थांबली, भाजीवाली थांबली. कुणी फ्रेमेकडे बघत नव्हतं. सगळ्यांची नजर तिच्या बोटांवर होती, आता थरथरतील, मग थरथरतील अशी. आणि लॅकरचा ब्रश उचलताना, जन्मात पहिल्यांदा, तिचा हात खरोखर थरथरला. बाहेर कुणीतरी "च्च" केलं.

ताईने ब्रश ठेवला. बाटल्या, ब्रश, पॉलिश पेपर पेटीत भरले आणि ती नाटकवाल्या बाईंकडे गेली. "हात ठणठणीत आहेत," तिने सांगितलं. "फक्त कुणी बघत नसेल अशी जागा हवी."

बाईंनी नाटकाच्या कपड्यांच्या खोलीतला खिडकीकडचा कोपरा मोकळा करून दिला. सुरुवातीला नटांच्याच फ्रेमा आल्या, मग त्यांच्या ओळखीतल्यांच्या. राहायला तिने जवळच एक खोली घेतली. नवं गिऱ्हाईक अजूनही कधी कधी चाचरत विचारतं, "हातांचं कसं आहे?" आधी ती समजावून सांगायची. आता "काम बघा" एवढंच म्हणते.

हिवाळा सरता सरता आई आली. जिने चढून धापा टाकत कपड्यांच्या ढिगावरच बसली. ताईने पाणी दिलं.

"त्याने त्या रंगाच्या फ्रेमा बंद केल्या," आई म्हणाली. "लोक परत करायला लागले होते. घरी चल. लहान आहे तो, पोटात घाल."

"त्याचं घालीनही कधीतरी," ताई म्हणाली. "तू शेजारणीला खरं सांगितलंस का?"

आई पदराची कड बोटाला गुंडाळत राहिली. "आता कुठे जुनं उकरून काढायचं," ती म्हणाली.

आईला ताईने हात धरून जिन्याने खालपर्यंत सोडलं, रिक्षात बसवलं, चालकाला पत्ता नीट समजावला. मग वर येऊन तिने दार लावून घेतलं. सोड्याच्या पाण्यातली फ्रेम जास्त वेळ राहून गेली होती, रंग बिघडला होता. ती पुसून तिने बाजूला ठेवली आणि नवी घासायला घेतली.